सूर्यास्तापूर्वीचे ताट : रायगडच्या किनाऱ्यावरील जैन घरांचे अन्न, गाणे आणि दिनक्रम

कोणत्याही संघाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे प्रथम हाती येतात त्या प्रतिष्ठेच्या तिथी, ध्वजारोहणाचे प्रसंग आणि दात्यांच्या नामावल्या. संगमरवरावर कोरलेल्या असल्याने त्या सहज सापडतात. चुलीचा इतिहास मात्र कोणी कोरून ठेवीत नाही. पेढीच्या रोजमेळात तुपाचा भाव आणि तांदळाच्या खंडीची किंमत पै-पैशासह मिळते. परंतु ते तूप कोणत्या भाकरीवर पडले, ती भाकरी कोणी थापली आणि दिवस किती उरला असता ती ताटात आली, याची नोंद वहीत नसते. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत इतर लेखांतून मंदिराचा आणि ट्रस्टच्या कार्याचा आढावा येईलच. येथे उरण, अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर वसलेल्या जैन कुटुंबांच्या स्वयंपाकघरात, गाण्यात आणि रोजच्या राहणीत डोकावण्याचा प्रयत्न केला आहे.

या किनाऱ्यावर उतरलेल्या एका परक्या व्यापाऱ्याने भोजनाविषयी एक नोंद करून ठेवली आहे. रशियातील त्वेर नगराचा अफानासी निकितीन हा सौदागर 1469 च्या सुमारास होर्मुझ, दीव, खंबायत असा प्रवास करीत चौल बंदरात उतरला. विक्रीसाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. चौलहून तो जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. आपल्या देशात खपेल असा माल येथे मिळत नाही, अशी त्याने प्रवासवर्णनात तक्रार केली आहे. व्यापारी वाचकांस हा सूर ओळखीचा वाटेल. त्याच वर्णनात तो लिहितो की येथील मांस न खाणारे लोक दिवसातून दोनदा जेवतात, रात्री जेवत नाहीत, मद्याला शिवत नाहीत आणि तांदूळ, खिचडी, तूप, दूध व भाजीपाला यांवर राहतात. जैन हा शब्द त्याने वापरलेला नाही, आणि हे निरीक्षण प्रामुख्याने बिदरच्या मुक्कामातील दिसते. त्यावरून चौलला त्या काळी अमुक इतकी जैन घरे होती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. तथापि रात्री न जेवणारा माणूस साडेपाचशे वर्षांपूर्वीही परदेशी पाहुण्याच्या नजरेत भरण्याइतका ठळक होता, एवढे त्यातून निश्चित कळते. रेवदंड्यात निकितीनचे स्मारक उभे आहे. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात; चोविहाराची ही जुनी साक्ष त्याच्या वहीत आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

रात्रिभोजनत्यागाचा नियम सर्वत्र सारखाच असला तरी किनाऱ्यावर त्याला एक दृश्य रूप आहे. डोंगराळ गावात सूर्य टेकडीआड जातो तेव्हा तो मावळला की नाही याचा संशय राहतो. येथे मात्र बिंब समुद्राला टेकताना सारे गाव पाहते. पाण्याची रेषा आणि बिंबाची कड एक झाली की माजघरातील हंड्यावर झाकण पडे. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्याचे दर्शन नसे. त्या दिवसांत घड्याळ आणि पंचांग यांवर विसंबून, पाच-दहा मिनिटे हातची राखून, ताटे वाढली जात.

विशेष असे की याच सूर्यास्ताशी किनाऱ्यावरील आणखी दोन समाजांची ताटे बांधलेली होती. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आपले पूर्वज लागले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होई. कोकणी मुसलमान बांधवांचा रमजानचा रोजा मगरिबच्या अजानीबरोबर, म्हणजे पुन्हा त्याच सूर्यास्ताला, सुटे. एका गावात एकाच घटकेला एका घरात ताट उचलले जाई, दुसऱ्या घरात शब्बाथचा दिवा लागे आणि तिसऱ्या घरात खजूर तोंडात पडे. अशा किनाऱ्यावर वेळेचे आणि अन्नाचे नियम पाळणारा नवा शेजारी आला तर त्याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही. जैन घरांना येथे टिकून राहता आले त्याचे पुष्कळसे श्रेय या जुन्या सवयीला द्यावे लागेल. 1948 नंतर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. अलिबागची इस्रायल आळी आणि तेथील मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर मात्र आजही आहे.

गुजरातेतून, तसेच गोडवाड, सिरोही, जालोर या राजस्थानी भागांतून ही कुटुंबे निरनिराळ्या काळी येथे आली. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे इ.स. 1899-1900 चा, छप्पनिया दुष्काळ हे त्या स्थलांतराचे एक मोठे कारण. बाजरी-ज्वारीच्या मुलखातून आलेली ही माणसे अचानक भाताच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात येऊन पडली. त्यांच्या स्वयंपाकघरात पुढे जे घडले तो या लेखाचा मुख्य विषय.

कोकणी ताट आणि जैन नियम यांचा मेळ घालणे वाटते तितके सोपे नव्हते. मासळीचा प्रश्न तर उघडच होता. सुकटीच्या आणि सुक्या बोंबलांच्या वासातून दुकानाची वाट जाई, आणि गिऱ्हाईक कोळी समाजाचे असल्याने नाकाला रुमाल लावणे शोभले नसते. खरी अडचण भाज्यांची होती. खंडाळे-कार्ले परिसरातील पांढरा कांदा हे अलिबागचे भूषण. भाताचे पीक निघाल्यावर त्याच जमिनीत तो लावतात, आणि उन्हाळ्यात त्याच्या विणलेल्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जैन व्यापाऱ्याच्या दुकानासमोर या माळा वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. त्याच्या घरात एक पाकळीही गेली नाही. कोनफळ, करांदे, रताळी, सुरण ही कोकणची कंदसंपदाही तशीच वर्ज्य. उरली ती दुधी, पडवळ, घोसाळी, भेंडी, तोंडली, काकडी आणि वाडीतली कच्ची केळी. बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घेतली. भाजी, वडा, काप सारे काही त्याचेच. चौल-नागावच्या वाड्यांनी जैन चुलीला केलेला हा उपकार आजवर कोणी नोंदविलेला दिसत नाही.

वालाचे प्रकरण त्याहून नाजूक. भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालाचे बिरडे हे या जिल्ह्याचे हक्काचे पक्वान्न. परंतु मोड आलेले कडधान्य अनंतकायात गणले जाते, त्यामुळे काटेकोर घरात बिरडे शिजत नाही. वालाची डाळ आणि हिरव्या शेंगा मात्र चालतात. म्हणून हिवाळ्यातील पोपटी या घरांना फार प्रिय झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा. मग मडके उपडे ठेवून भोवती जाळ. गावात पोपटी रात्रीची लावतात, तीत बटाटे, अंडी, कोंबडीही घालतात. जैन घरांची पोपटी दुपारी चारला लागे आणि पाच-साडेपाचला संपे. शेतातील जाळात किती जीव जात असतील, हा प्रश्न एखादे आजोबा दरवर्षी विचारीत आणि दरवर्षी पहिली शेंग त्यांच्याच हातावर ठेवली जाई. मनुष्यस्वभावापुढे शास्त्रानेही कधी कधी थोडे कडेला सरून बसावे, असे या दृश्याकडे पाहून वाटते.

पावसाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. मृग लागला की कोकणच्या डोंगरउतारावर टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या उगवतात. ठाकर आणि कातकरी बायका त्या वाटे करून बाजारात आणतात. नेमक्या याच काळात जैन घराला पालेभाजी बंद असते, कारण फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत तिचा त्याग असतो. निसर्गाने हिरवे ताट वाढावे आणि पाहुण्याने हात जोडून नको म्हणावे, तसा हा प्रकार. आंब्याचेही तेच. 21-22 जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा वर्ज्य होतो. हापूस तोवर संपलेला असतो, परंतु रायवळ आंबा झाडावर असतो आणि तो स्वस्त असतो. आर्द्रेच्या आदल्या दिवशी रायवळाच्या पाट्या घरात येत आणि मुलांना कोपरापर्यंत रस ओघळेतो खाऊ दिले जाई.

दमट हवा हा या स्वयंपाकघराचा खरा शत्रू होता. मिठाई-खाखऱ्यासारख्या पदार्थांचा काळ हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवस असा ठरलेला आहे. राजस्थानच्या कोरड्या हवेत हा हिशेब उदार वाटतो. श्रीवर्धनच्या श्रावणात आठव्या दिवशीच डब्यातील खाखरा नरम पडतो आणि पापडावर बुरशीची छाया दिसू लागते. शिळे वर्ज्य असल्याने रोजचे रोज रांधणे आलेच. म्हणजे ओल्या लाकडांच्या धुरात, भर पावसात, दिवस मावळायच्या आत, दुकानातील नोकरमाणसांसह घरच्या दहा-पंधरा पानांचा स्वयंपाक. दुकानाला ऐन गर्दीची वेळ संध्याकाळची. शेतावरून आणि बंदरावरून परतणारे गिऱ्हाईक तेव्हाच येई. पुरुषमंडळी पाळीपाळीने आत जाऊन जेवून येत. बायका सर्वांत शेवटी बसत, आणि बिंब टेकले असेल तर त्या दिवशी बसतच नसत. नियम घराण्याने पाळला असे म्हणण्याची पद्धत आहे. तो प्रत्यक्षात कोणी पाळून दाखविला हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे.

आयंबीलाच्या बाबतीत मात्र किनाऱ्याने साथ दिली. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नऊ दिवसांच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल, गोड, फळे, भाजी सारे सोडून एक वेळ रुक्ष अन्न घ्यावयाचे असते. बाजरीची कोरडी भाकरी घशाखाली उतरणे कठीण. परंतु तांदळाचा मऊ भात, पेज आणि तांदळाची भाकरी हे तर कोकणातील गरीब माणसाचे नित्याचेच जेवण. आगरी-कोळी शेजाऱ्यांना या तपाचे कौतुक वाटे, आणि थोडे हसूही येत असावे. त्यांच्यापैकी पुष्कळांची वर्षातील कित्येक जेवणे पेज आणि मीठ यांवरच होत, तीही कोणी पारणे न करविता.

या भागात अन्न आणि लेखन यांची गाठ फार जुनी आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा, असून मराठीतील तो पहिला कालनिर्देश असलेला लेख असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातील या लेखात देवीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याचा उल्लेख आहे. मराठीचे दुसरे प्रसिद्ध प्राचीन लेख श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या चरणांशी आहेत. त्यांतील गंगराजाची ओळ बाराव्या शतकातील, तर चामुंडरायाच्या ओळीच्या काळाविषयी मतभेद आहेत. घरात गुजराती किंवा मारवाडी आणि दुकानात मराठी बोलणाऱ्या या कुटुंबांनी दोन-तीन पिढ्यांत मराठीला आपली भाषा म्हटले, तेव्हा ती त्यांच्या धर्माला परकी नव्हती, हे या दोन शिळांवरून ध्यानात यावे.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जाड मांजरपाटाचे दुहेरी गळणे घागरीच्या तोंडाला बांधून विहिरीचे पाणी गाळावयाचे, आणि गाळल्यावर ते गळणे हलक्या हाताने त्याच पाण्याने धुऊन आतले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडावयाचे, हा प्रघात घरोघर होता. गळण्याचे कापड विणीत घट्ट हवे आणि नवे हवे. झिरझिरीत झाले की बदलावे. कापडाच्या दुकानात त्यासाठी वेगळा ताका ठेवीत. एका थेंबातील जीवाची एवढी काळजी घेणाऱ्या या समाजाच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क सत्याग्रहाने बजावावा लागला. त्या काळच्या बाजारपेठांत दुकानाच्या ओट्यावर पाणी मागणाऱ्या प्रत्येकाला सारख्याच भांड्यातून पाणी मिळत होते असे म्हणता येत नाही, आणि जैन व्यापारी या रूढीबाहेर उभे होते असेही नाही. जीवदयेचे गळणे माणसापाशी येऊन जाड का झाले, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या आनंदातही वगळू नये.

हीच गोष्ट उधारीची. एकेकाळी चौल हे रेशमी आणि सुती कापडाचे नामांकित बंदर होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील विणकर मुंबईकडे सरकू लागले. पुढे 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यावर प्रवाह पुरता उलटला. जेथून कापड जगाला जात असे तेथेच गिरणीच्या कापडाच्या गाठी गलबतातून उतरू लागल्या. मुळजी जेठा मार्केटमधून उधारीवर आणलेला माल कोकणातील दुकानदार पुन्हा उधारीवर देई : नऊवारी लुगडी, धोतरजोड्या, खण, छीट, लट्ठा. वसुली भात झोडून झाल्यावर. पाऊस हुकला की उधारीवर व्याज चढे. 1933 ते 1939 या काळात अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरुद्ध संप केला. सहा वर्षे जमिनी न कसता त्यांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. तो संप प्रामुख्याने खोतीविरुद्ध होता. परंतु खोताचे आणि सावकाराचे ओझे एकाच पाठीवर होते, आणि सावकारांमध्ये मारवाडी-गुजराती नावे नव्हती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अशा वर्षांत काही दुकानदारांनी वही मिटून ठेवली, काहींनी कोर्टाची पायरी चढली. 1946 चा मुंबई सावकारी कायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा यांनंतर ते जग मावळले. दिवाळीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर लाभाचे शब्द लिहितात. मागच्या पानांवर काय लिहिले होते तेही वाचावयास हवे.

किनाऱ्याचा दिनक्रम मुंबईच्या बोटीने ठरविला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या बोटीत खरेदीहून परतणारा व्यापारी गाठोड्यावर बसून थेपले आणि छुंदा दिवसाउजेडी संपवी. पावसाळ्यात दर्यावरचा प्रवास कमी होई; चातुर्मासात साधू-साध्वीजी एका ठिकाणी स्थिर, कोळ्यांची होडकी किनाऱ्यावर शाकारलेली, आणि श्रावकाने घेतलेले प्रवासमर्यादेचे नियम असा तिहेरी विराम असे. 17 जुलै 1947 रोजी आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीच्या दिवशी, रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी परतणारे मुंबईतील कामगार-नोकरदार त्यांत मोठ्या संख्येने होते. तो दिवस या किनाऱ्यावरील कोणत्याही समाजाचा वेगळा नाही. चातुर्मासात दर्या ओलांडू नये हे वाक्य पुढे ज्येष्ठांच्या तोंडून केवळ धर्माज्ञा म्हणून येईनासे झाले.

आता गाण्याकडे वळू. जैन उपासनेत गायनाला मोठे स्थान आहे, आणि आयंबीलाच्या ओळीत ऐकला जाणारा श्रीपाल रास हा त्याचा मुकुटमणी. उपाध्याय विनयविजयजींनी विक्रम संवत 1738 मध्ये रांदेर येथे तो रचावयास घेतला. तो अपुरा असताना त्यांचा देह पडला आणि उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्ण केला. दुहे आणि ढाळ यांची ही दीर्घ गेय कथा नऊ दिवस चाले. कोकणच्या श्रोत्यांना तिचे विशेष अप्रूप, कारण श्रीपाल राजा समुद्रमार्गे फिरत फिरत कोकणातील ठाणे नगरीला येतो. जहाजे, बंदर, वारा, दगाबाज सोबती यांचे प्रसंग मारवाडात कल्पनेने ऐकावयाचे. येथे उपाश्रयाच्या खिडकीतून शिडे दिसत. आश्विनातील ओळी नवरात्राच्या सप्तमीला सुरू होते, त्यामुळे दिवसा रासाची ढाळ आणि रात्री गरब्याचा ठेका असा शेवटच्या तीन दिवसांचा मेळ पडे. आयंबील करणारी मुलगी गरब्याला जाई, परंतु प्रसाद ओंजळीत घेऊन धाकट्या भावाला देई.

सकाळच्या स्नात्रपूजेत एकोणिसाव्या शतकातील पंडित वीरविजयजींची रचना म्हटली जाते. पेटी, ढोलकी, मंजिरी एवढी वाद्ये पुरत. ढोलकी वाजविणारा बहुधा गावातील वारकरी भजनी मंडळाचा असे, आणि त्याच्या हातातून अभंगाचा ठेका स्तवनात उतरे. त्यास कोणी हरकत घेतली नाही. चालींचे व्यवहार उधारीपेक्षा मोकळे असतात. घेतलेले परत करावे लागत नाही. मराठी कीर्तनाची थाटणी बेने इस्रायल समाजाने 1880 च्या सुमारास मुंबईत उचलली आणि त्यांत आपल्या धर्मग्रंथांतील कथा सांगितल्या. जैनांनी कीर्तनापेक्षा रात्रीची भावना पसंत केली. तीत मराठी पदे हळूहळू आली, नंतर चित्रपटांच्या चाली, मग ध्वनिफिती. वरघोड्यापुढे वाजणारा बँड तोच, जो आठवड्यापूर्वी कोळ्यांच्या लग्नात वाजलेला असे. मिरवणूक देरासराशी पोहोचता पोहोचता वादकांचा हात सवयीने कोळीगीताकडे वळे आणि पुढच्या रांगेतील तरुणांचे पायही. ज्येष्ठांनी मागे वळून पाहिले की पुन्हा स्तवन सुरू.

सर्वांत विलक्षण संध्याकाळ संवत्सरीची. ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे बहुधा गणेशचतुर्थीलाच येते. पेणच्या शाडूच्या मूर्ती घरोघर बसलेल्या, आरत्यांचा गजर, झांजा, ढोलकी. आणि त्याच आळीतील उपाश्रयात सुमारे तीन तास चालणारे प्रतिक्रमण, उपवास केलेली माणसे, मंद आवाजातील सूत्रे, मधूनच कोणाचा खोकला. दोन्ही ध्वनी एकमेकांत मिसळत, परंतु कोणी कोणाला थांबविल्याचे ऐकिवात नाही. शेजारून आलेले मोदक उपवास नसलेल्या लहान मुलांच्या वाट्याला जात. दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नसल्याने त्यांना ते सारेच संपवावे लागत, आणि ही शिक्षा ती आनंदाने भोगीत. दुसऱ्या सकाळी मिच्छामि दुक्कडं म्हणावयास निघालेली मंडळी गणपतीच्या दर्शनालाही जात. क्षमा मागण्याचा अर्थ कोळ्याला समजावून सांगताना एका पिढीने सोपे भाषांतर केले होते : वर्षभरात माप कमी पडले असेल तर माफ करा. वार जाऊन मीटर आला तेव्हा, 1960 च्या दशकाच्या आरंभी, हे वाक्य हसत हसत बरेच वापरले गेले.

या जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांचा उल्लेख केल्याविना अन्नाचा विषय पुरा होत नाही. त्यांच्याच प्रेरणेने भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षात, 1974 मध्ये, जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला 756 गाथांचा समणसुत्तं हा ग्रंथ सर्व जैन संप्रदायांच्या मान्यतेने सिद्ध झाला. 1982 च्या नोव्हेंबरात पवनार येथे विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला; 15 नोव्हेंबरला, दिवाळीच्या म्हणजे महावीर निर्वाणाच्या दिवशी, त्यांचा देह पडला.

किनारा आता बदलला आहे. जुन्या पेढ्यांची माडीवरील घरे बंद होत आहेत. मुले मुंबई-पुण्यात, तर सुट्टीसाठी येणारे शहरवासी जैन पर्यटक मात्र येथील खानावळींत जैन जेवण मागतात आणि ते त्यांना मिळते. कांदा-लसूण टाळून वालाची उसळ करावयास शिकलेला आगरी आचारी हा या इतिहासाचा एक अनपेक्षित वारसदार आहे. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते आणि जानेवारी 2024 मध्ये मुंबई-न्हावाशेवा सागरी सेतूही खुला झाला. दुपारी मार्केटमधून निघालेला व्यापारी उन्हाळ्यात आज सूर्यास्तापूर्वी अलिबागला घरी ताटावर बसू शकतो. गाठोड्यावरचे थेपले इतिहासजमा झाले.

उपाश्रयाच्या भिंतीवर पच्चक्खाणाचे कोष्टक टांगलेले असते. नवकारसी, पोरिसी, सूर्यास्त अशा रकान्यांचे ते कोष्टक बहुधा मुंबईचे छापलेले असते. जूनच्या अखेरीस त्यात सूर्यास्त सायंकाळी सव्वासातच्या थोडा पुढे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास दाखविलेला असतो. अलिबागसाठी ते तसेच चालते, फरक जेमतेम मिनिटाचा. श्रीवर्धनला मात्र जूनमध्ये सूर्य मुंबईच्या दोन-तीन मिनिटे आधी मावळतो, आणि तेथील जुन्या घरांतील बायका हे कोष्टक न पाहताच तेवढी मिनिटे आधी हंडा झाकीत आल्या आहेत.